गव्हाचे आनुवंशशास्त्र आणि संशोधक विद्यार्थी

गव्हाच्या सुधारणेचा इतिहास आपल्याकडे बहुधा वाणांच्या नावांनी सांगितला जातो. पुसा ४, एन.पी. ८०९, सोनोरा ६४, कल्याणसोना अशी ती नामावळी आहे. जे वाणांच्या नावांनी सांगत नाहीत ते संस्थांच्या आणि संचालकांच्या नावांनी सांगतात. या दोन्ही रीतींमध्ये एक गोष्ट झाकली जाते. ज्या निरीक्षणांवर गव्हाचे आनुवंशशास्त्र उभे राहिले, त्यांतील बरीचशी निरीक्षणे पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधात, किंवा पदवीही हाती न आलेल्या एखाद्या तरुणाच्या वहीत, प्रथम नोंदली गेली. प्रस्तुत लेखात अशा काही कामांचा मागोवा घ्यावयाचा आहे. विद्यार्थिवर्गाचे गुणगान करणे हा त्यामागचा हेतू नव्हे. विद्यार्थ्याला प्रश्न कोठून मिळाला, रोपे व बियाणे कोणाकडून मिळाले, आणि काम अपुरे राहिले तेव्हा ते पुढे कोणी नेले, एवढेच पाहावयाचे आहे. कारण या शाखेची प्रगती किंवा खोळंबा पुष्कळदा याच तीन गोष्टींवर ठरला असे दिसते.

महाराष्ट्रातील वाचकाला या विषयात शिरण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याकडे खपली, बन्सी आणि शरबती असे तीन तऱ्हेचे गहू परंपरेने ओळखले जातात. खपलीचा दाणा मळणीत मोकळा होत नाही. टरफल चिकटून राहते, आणि ते काढण्यासाठी पुन्हा कांडावे लागते. बन्सी कठीण दाण्याचा, रव्याला उत्तम. शरबती पोळीचा. शेतकऱ्याने हाताने व दाताने ओळखलेला हा भेद पेशीच्या पातळीवर काय आहे, हे विसाव्या शतकाची पहिली अठरा वर्षे कोणालाही ठाऊक नव्हते. गव्हाच्या बीजपेशीत आठ गुणसूत्रे असतात असे तोवरच्या पुस्तकांत छापलेले होते. तो आकडा चुकीचा होता. पण एकाने मोजले, दुसऱ्याने ते मान्य केले, आणि गव्हाच्या सर्व जाती एकाच मापाच्या आहेत असा समज रूढ झाला.

या अज्ञानाच्या काळातच गव्हावरील पहिला महत्त्वाचा आनुवंशशास्त्रीय प्रबंध लिहिला गेला, हे मोठे लक्षणीय आहे. स्वीडनमधील हर्मान निल्सन-एले हे १९०० पासून स्वालॉफ येथील बीजसंवर्धन केंद्रात काम करीत होते. १९०९ मध्ये लुंड विद्यापीठात त्यांनी ओट व गहू यांच्या संकरांवर प्रबंध सादर केला, तेव्हा त्यांचे वय छत्तिसाच्या आसपास होते. संशोधक विद्यार्थी म्हणजे विशीतला तरुणच असला पाहिजे असे नाही. मेंडेलचे नियम नुकतेच पुन्हा उजेडात आले होते आणि जो तो आपल्या पिकात तीनास एक हे प्रमाण शोधत होता. निल्सन-एले यांनी तांबड्या दाण्याच्या एका गव्हाचा पांढऱ्या दाण्याच्या गव्हाशी संकर केला. दुसऱ्या पिढीत ७८ रोपे आली आणि ती सगळीच तांबड्या दाण्याची निघाली. मेंडेलच्या नियमाप्रमाणे सुमारे वीस रोपे पांढऱ्या दाण्याची असावयास हवी होती. एखाद्याने येथे थांबून नियम गव्हाला लागू नाही असे लिहिले असते. तसे लिहिणारे त्या काळात होतेही. निल्सन-एले यांनी त्या ७८ रोपांचे बी स्वतंत्रपणे पेरले आणि तिसरी पिढी पाहिली. ५० कुळांत फक्त तांबडे दाणे आले. आठ कुळांत तीनास एक असे प्रमाण पडले, पंधरा कुळांत पंधरास एक, आणि पाच कुळांत त्रेसष्टास एक.

हे आकडे विद्यार्थ्यांनी एकदा कागदावर स्वतः मांडून पाहावेत. तांबडेपणा देणारे तीन स्वतंत्र घटक आहेत आणि त्यांतील कोणताही एक पुरेसा आहे, असे गृहीत धरले तर दुसऱ्या पिढीच्या ६४ रोपांपैकी एकच पांढरे निघेल. उरलेल्या ६३ पैकी ३७ शुद्ध तांबडी राहतील, सहांची संतती तीनास एक या प्रमाणात फुटेल, बारांची पंधरास एक आणि आठांची त्रेसष्टास एक. प्रत्यक्ष आकडे या अपेक्षेच्या जवळ येतात. सलग बदलत जाणाऱ्या गुणांचा मेंडेलच्या नियमांशी मेळ कसा घालावा, या वादाला येथून निराळे वळण लागले. परंतु घटक तीनच का, चार किंवा पाच का नव्हेत, या प्रश्नाचे उत्तर प्रबंधात नव्हते आणि १९०९ मध्ये असूही शकत नव्हते. ते उत्तर जपानमधून यावयाचे होते.

साप्पोरो येथील कृषि महाविद्यालय १९१८ मध्ये होक्काइडो विद्यापीठ झाले. त्याच वर्षी तेथील तेत्सु साकामुरा यांनी एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. गव्हाच्या जातींमध्ये कायपेशीतील गुणसूत्रांची संख्या १४, २८ आणि ४२ अशा तीन पायऱ्यांची आहे, असे त्यात दाखविले होते. म्हणजे सातच्या पटीत दोन, चार आणि सहा संच. आठाचा आकडा एका टिपणाने निकालात निघाला. आपल्या भाषेत सांगावयाचे तर खपली व बन्सी २८ गुणसूत्रांचे, आणि पोळीचा गहू ४२ गुणसूत्रांचा. साकामुरा यांनी निरनिराळ्या पायऱ्यांवरील जातींचे संकरही करून ठेवले होते. नंतर त्यांना अभ्यासासाठी परदेशी जावे लागले, आणि ही रोपे त्यांनी हितोशी किहारा या पंचविशीतील विद्यार्थ्याच्या हवाली केली. साकामुरा पुढे वनस्पतींच्या शरीरक्रियाविज्ञानाकडे वळले. गव्हाकडे ते परतले नाहीत.

शास्त्राच्या इतिहासात या हस्तांतरास जे स्थान मिळावयास हवे ते मिळत नाही असे आम्हांस वाटते. संकराची रोपे ही वर्षभराची मेहनत असते. तिच्यातून कोणता शोध लागणार हे देणाऱ्यास ठाऊक नसते, पण काहीतरी लागणार आहे एवढे मात्र ठाऊक असते. ती देऊन टाकणे आणि नंतर तिच्यावर हक्क न सांगणे हे सामान्य औदार्य नव्हे. किहारा यांच्या कीर्तीत साकामुरा यांचे नाव बरेचसे बुजले, आणि गुणसूत्रांच्या मोजणीचे श्रेयही कित्येक पाठ्यपुस्तकांत शिष्याकडे गेले.

किहारा यांनी त्या रोपांत काय पाहिले ते थोड्या विस्ताराने सांगितले पाहिजे. २८ गुणसूत्रांची जात आणि ४२ गुणसूत्रांची जात यांच्या संकरात ३५ गुणसूत्रे येतात. पराग तयार होण्यापूर्वीच्या विभाजनात गुणसूत्रे जोडीजोडीने एकत्र येतात. या संकरजात चौदा जोड्या जमतात आणि सात गुणसूत्रे एकटी उरतात. याचा अर्थ असा की ४२ वाल्या गव्हातील दोन संच २८ वाल्या गव्हातील दोन संचांशी नाते सांगतात, आणि तिसरा संच मात्र परका आहे. एकटी उरलेली सात गुणसूत्रे नव्या पेशींत अनियमितपणे वाटली जातात. म्हणून संततीत २८ पासून ४२ पर्यंत निरनिराळ्या संख्येची रोपे येतात आणि त्यांतील पुष्कळशी वांझ निघतात. किहारा यांनी पिढ्यानपिढ्या मोजणी केली तेव्हा मधल्या संख्या गळत गेल्या. जी कुळे तगली त्यांतील काही चढत चढत ४२ वर स्थिर झाली, काही उतरत उतरत २८ वर. १९२० मध्ये ते क्योटोस गेले, आणि १९२४ मध्ये या कामाचा मोठा प्रबंध जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. जोड्या जमतात किंवा जमत नाहीत यावरून संचांचे नाते ठरविण्याची ही पद्धत पुढे जीनोम-विश्लेषण म्हणून ओळखली जाऊ लागली. १९३० पासून किहारा यांनी तिला शास्त्रशुद्ध रूप दिले. हे गृहस्थ उत्तम स्कीपटूही होते, आणि १९६० व १९६४ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये जपानी पथकाचे नेतृत्व त्यांनी केले. पण तो निराळा विषय आहे.

किहारा मोजणी करीत होते त्याच सुमारास अमेरिकेत कार्ल सॅक्स हे हार्वर्डच्या पदवीसाठी काम करीत होते. गव्हाच्या संकरांतील वांझपणा हाच त्यांचाही विषय होता. १९२२ मध्ये त्यांची पदवी पूर्ण झाली आणि त्याच वर्षी त्यांचा महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध झाला. तीच तीन पायऱ्यांची संख्या, त्याच चौदा जोड्या आणि सात एकटी गुणसूत्रे. दोन दूरच्या प्रयोगशाळांत दोन विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे एकच गोष्ट पाहिली, म्हणून ती लवकर मान्य झाली. सॅक्स पुढे अन्य वनस्पतींकडे वळले. किहारा गव्हालाच चिकटून राहिले, आणि त्याचे फळ निराळे निघाले.

आता याच ३५ गुणसूत्रांच्या संकराकडे शेताच्या बाजूने पाहू. काळा तांबेरा हा गव्हाचा जुना शत्रू. १९०४ मध्ये आणि पुन्हा १९१६ मध्ये त्याने उत्तर अमेरिकेतील वसंतऋतूतील गव्हाचे अतोनात नुकसान केले. पोळीच्या गव्हाचे वाण बळी पडत होते. पण जनावरांच्या खाण्यासाठी लावलेला, आपल्या खपलीच्या जातकुळीचा एमर गहू त्याच शिवारात हिरवा उभा राहत होता. दक्षिण डकोटातील एडगर मॅक्‌फॅडन या शेतकऱ्याच्या मुलाने हे लहानपणीच पाहिले होते. राज्याच्या कृषि महाविद्यालयात विद्यार्थी असतानाच, १९१६ च्या सुमारास, त्यांनी ‘यारोस्लाव्ह’ नावाचा एमर आणि ‘मार्क्विस’ हा उत्तम प्रतीचा पोळीचा गहू यांचा संकर करण्याचे ठरविले. असा संकर जमत नाही, आणि जमला तर वांझ निघतो, हे त्या वेळचे जाणकार मत होते. मत खरेच होते. वांझपणाचे कारण मात्र मॅक्‌फॅडन यांनाही ठाऊक नव्हते आणि त्यांना परावृत्त करणाऱ्यांनाही नव्हते. साकामुरा यांचे टिपण अजून निघावयाचे होते.

अगदी थोडे दाणे हाती आले. महाविद्यालयानंतर मॅक्‌फॅडन यांनी हे काम स्वतःच्या शेतावर चालू ठेवले. साप्पोरोत किहारा ज्या गळतीची मोजणी करीत होते, ती गळती डकोटात मॅक्‌फॅडन डोळ्यांनी पाहत होते: बहुतेक रोपे वांझ, काही एमरकडे झुकलेली, मोजकी गव्हाकडे झुकलेली. या मोजक्यांतून त्यांनी तांबेऱ्याला दाद न देणारी दोन कुळे निवडली. त्यांतील एकाला ‘होप’, म्हणजे ‘आशा’, असे नाव दिले, आणि दुसरे एच-४४ या क्रमांकाने ओळखले जाऊ लागले. १९३० मध्ये त्यांनी या कामाचे वृत्त प्रसिद्ध केले.

वाण म्हणून ‘होप’ फारसा गाजला नाही. शेतकऱ्यांनी तो मोठ्या प्रमाणावर लावला नाही. तांबेऱ्याच्या प्रतिकाराबरोबर त्याच्या ओंबीवर व पेऱ्यांवर काळसर छटा येई, आणि ती पाहून निवड करणारे अशी रोपे टाकूनही देत. या प्रतिकाराचा विशेष असा की तो कोवळ्या रोपात दिसत नाही. रोप वाढल्यावर प्रकट होतो, आणि तोही अंशतः. काचगृहात आठवड्याभराच्या रोपांवर बुरशी शिंपडून परीक्षा घेणाऱ्यास तो सापडलाच नसता. शेतात उभे राहून पीक पाहणाऱ्यास तो सापडला. आज या जनुकाला ‘एसआर-२’ म्हणतात. ‘होप’पासून निघालेल्या वाणांमार्फत तो मेक्सिकोत नॉर्मन बोर्लॉग यांच्या संकरमालिकेत गेला आणि तेथून जगभर पसरला, इतक्या दशकांनंतरही तो निष्प्रभ झालेला नाही. बोर्लॉग यांचा स्वतःचा प्रबंध गव्हावर नव्हता हेही येथे सांगून ठेवावे. मिनेसोटा विद्यापीठात १९४२ मध्ये त्यांनी पदवी घेतली ती जवसाच्या मर रोगाच्या बुरशीवर.

मिनेसोटाचे नाव निघाले म्हणून एल्विन स्टॅक्‌मन यांच्याविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. त्यांचा १९१३ चा प्रबंध तांबेऱ्याच्या शरीरक्रियात्मक वंशांवर होता. बुरशी एका यजमान वनस्पतीवरून दुसरीवर जाताना हळूहळू आपला स्वभाव बदलते, असे तेव्हाचे प्रतिष्ठित मत होते. स्टॅक्‌मन यांच्या प्रबंधाने त्याविषयी शंका उपस्थित केली, आणि पुढच्या पाच-सात वर्षांत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मत खोडून काढले. बुरशी स्वभाव बदलत नाही. तिच्यात मुळातच अनेक वंश असतात. १९२२ मध्ये स्टॅक्‌मन व लेव्हिन यांनी काळ्या तांबेऱ्याचे ३७ वंश नोंदविले. हे वंश ओळखण्यासाठी बारा गव्हांची एक कसोटीमालिका ठरविण्यात आली. कोणता गहू बळी पडतो व कोणता तगतो, यावरून वंशाला क्रमांक द्यावयाचा. त्या बारांच्या यादीत मार्क्विस, कोटा, मिंडम, कुबांका अशा नावांच्या शेवटी एक नाव आहे: खपली.

हीच आपली खपली. अमेरिकन संग्रहात तिचा क्रमांक सी.आय. ४०१३ आहे. सातारा-सांगलीकडे सणाच्या पुरणपोळीसाठी व खिरीसाठी बांधावर राखून ठेवलेला हा गहू मिनेसोटाच्या काचगृहात वंशपरीक्षेचा मापदंड झाला, कारण जवळजवळ कोणताही वंश त्याला बाधत नव्हता. ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठात वॉल्टर वॉटरहाउस यांनी खपलीचा ‘स्टाइनवेडेल’ या पोळीच्या गव्हाशी संकर करून ‘खॅपस्टाइन’ हे कूळ निर्माण केले. खपलीच्या नावाचा पूर्वार्ध त्यात तसाच राहिला आहे. वॉटरहाउस यांचे शिष्य इर्विन वॉटसन हे मिनेसोटास जाऊन पदवी घेऊन आले, आणि त्यांच्याजवळ १९५० नंतरच्या दशकात पंजाबातील दिलबागसिंग अथवाल यांनी केन्याच्या गव्हांतील तांबेराप्रतिकाराच्या आनुवंशिकतेवर प्रबंध लिहिला. अथवाल परत येऊन लुधियानास काम करू लागले, आणि मेक्सिकोहून आलेल्या सामग्रीतून पंजाबासाठी ‘कल्याण’ निवडणाऱ्यांत ते प्रमुख होते.

यानंतरचे प्रकरण अर्नेस्ट सीअर्स यांचे. सीअर्स यांनी हार्वर्डला एडवर्ड ईस्ट यांच्या हाताखाली १९३६ मध्ये पदवी घेतली. विषय होता सपुष्प वनस्पतींतील स्व-वंध्यत्व. गव्हाचा त्यात संबंध नव्हता. पदवीनंतर लगेच ते मिसूरी राज्यातील कोलंबिया येथे अमेरिकन कृषि खात्याच्या नोकरीत रुजू झाले. गव्हाच्या कामासाठी त्यांनी ‘चायनीज स्प्रिंग’ नावाचा वाण निवडला. त्याचे पीक बेताचे. तांबेऱ्यास तो बळी पडतो. निवडण्याचे कारण इतकेच की रायशी त्याचा संकर सहज होतो. अशाच एका संकराच्या प्रयत्नात संकरज न निघता दोन रोपे एकगुणित, म्हणजे ४२ ऐवजी २१ गुणसूत्रांची, निघाली. अशी रोपे जवळजवळ वांझ असतात. त्यांतील एकाच्या ओंब्यांवर नेहमीच्या गव्हाचा पराग घातला, थोडे दाणे मिळाले, आणि त्या दाण्यांच्या रोपांत गुणसूत्रांची संख्या कमीजास्त झालेली आढळली. १९३९ मध्ये यावरचा पहिला निबंध निघाला.

४२ पैकी एक गुणसूत्र कमी असले तरी गहू जगतो, कारण इतर दोन संचांतील भाऊबंद गुणसूत्रे त्याची उणीव बरीचशी भरून काढतात. मक्यासारख्या पिकात हे चालत नाही. गव्हाच्या तिहेरी संचाचा हा फायदा सीअर्स यांनी ओळखला आणि २१ गुणसूत्रांपैकी प्रत्येकाची उणीव असलेले एकेक कूळ मिळविण्याचे ठरविले. एका विशिष्ट गुणसूत्राची संपूर्ण जोडीच नसलेल्या रोपात इतर गुणसूत्रांच्या जोड्याही नीट जमत नाहीत, असे त्यांच्या ध्यानात आले. दुसऱ्या कोणी हे रोप सदोष म्हणून टाकून दिले असते. सीअर्स यांनी त्याच्याच संततीतून उरलेल्या गुणसूत्रांची बहुसंख्य उणी कुळे मिळविली. १९५४ मध्ये मिसूरीच्या कृषि संशोधन केंद्राची ५७२ क्रमांकाची पत्रिका निघाली आणि तीत संपूर्ण संच वर्णिलेला होता. विसाव्या शतकातील गव्हाच्या आनुवंशशास्त्रात ज्याला आधारग्रंथ म्हणता येईल असे प्रकाशन एका राज्यकेंद्राच्या साध्या संशोधनपत्रिकेच्या रूपात निघाले, ही गोष्ट आपल्यासारख्या पत्रिकांच्या वाचकांना रुचावी.

ही कुळे टिकविणे कष्टाचे असते. एक गुणसूत्र उणे असलेल्या रोपाच्या सुमारे तीन-चतुर्थांश स्त्रीबीजांत ते गुणसूत्र नसते. परागाच्या बाजूने मात्र उण्या कणांना शर्यतीत टिकाव धरता येत नाही आणि सरासरी चार टक्क्यांनाच यश येते. परिणामी स्वपरागणानंतर शंभर रोपांत ७३ पुन्हा एक गुणसूत्र उणे, २४ पूर्ण आणि तीन जोडीच नसलेली अशी निघतात. डोळ्यांनी ही बहुधा ओळखू येत नाहीत. प्रत्येक पिढीत प्रत्येक रोपाच्या मुळाच्या टोकातील गुणसूत्रे मोजूनच पुढचे बी धरावे लागते. मोजणीत ढिलाई झाली तर उणीव एका गुणसूत्रावरून दुसऱ्यावर सरकते, आणि कुळाच्या पाटीवरचे नाव खोटे ठरते. सीअर्स यांनी ही कुळे मागेल त्याला दिली. त्यांच्या पत्नी लोट्टी सीअर्स या त्यांच्या कामात सहभागी होत्या.

या देणगीने प्रबंधांचा एक नमुनाच तयार झाला. नव्या वाणाचा २१ उण्या कुळांशी संकर करावयाचा, पहिल्या पिढीत मोजणी करून उणी रोपे निवडावयाची आणि दुसऱ्या पिढीत गुणाचे प्रमाण पाहावयाचे. वीस संकरांत तीनास एक पडेल. ज्या एका संकरात जवळजवळ सर्वच रोपे प्रभावी गुणाची निघतील, त्या संकरातील गुणसूत्रावर जनुक आहे असे समजावयाचे. १९५० ते १९७० या काळात जगभर, आणि दिल्लीतही, अशा पद्धतीने पुष्कळ काम झाले. त्यांतील बरेच एकसारखे वाटते, आणि काहींत विचारापेक्षा मोजणीच अधिक आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही गव्हाच्या जनुकांचा नकाशा भरला तो या एकसारख्या प्रबंधांनीच. निल्सन-एले यांचे तांबडेपणाचे तीन घटक याच मार्गाने आपल्या जागी बसले: ते अ, ब आणि ड या तीन संचांच्या तिसऱ्या गुणसूत्रांवर, प्रत्येकावर एक, आहेत. घटक तीनच का, याचे उत्तर संच तीन आहेत म्हणून.

तिसरा संच परका आहे हे किहारा यांनी विद्यार्थिदशेत पाहिले होते. तो कोणाचा, हे कळावयास पंचवीस वर्षे लागली. १९४४ मध्ये, दोन्ही देश युद्धात असताना आणि एकमेकांच्या कामाची वार्ता नसताना, किहारा यांनी जपानात आणि मॅक्‌फॅडन व सीअर्स यांनी अमेरिकेत एकच नाव घेतले: इजिलॉप्स स्क्वॅरोसा, गव्हाच्या शेतात तणासारखे उगवणारे एक गवत. डकोटाच्या शेतातला माणूस आणि हार्वर्डचा पेशीशास्त्रज्ञ या प्रश्नावर एकत्र आले होते. त्यांनी रानटी एमरचा या गवताशी संकर केला, कोल्चिसिनने गुणसूत्रे दुप्पट केली, आणि हाती आलेले ४२ गुणसूत्रांचे रोप स्पेल्ट गव्हासारखे दिसले. स्पेल्टशी त्याचा संकर सुपीकही निघाला. १९४६ मध्ये हे सविस्तर प्रसिद्ध झाले. १९५५ मध्ये किहारा स्वतः काराकोरम व हिंदुकुशच्या मोहिमेवर गेले आणि या गवताचे बी गोळा करून आले. साठीला पोहोचलेला प्राध्यापक तिशीतला प्रश्न घेऊन डोंगर चढत होता.

तीन संच इतके सारखे असताना ते एकमेकांत गुंतत का नाहीत, हा प्रश्न तेवढा उरला. १९५८ मध्ये केंब्रिजच्या रायली व चॅपमन यांनी आणि मिसूरीच्या सीअर्स व ओकामोटो यांनी स्वतंत्रपणे दाखविले की ‘५ ब’ हे गुणसूत्र नसेल तर ते गुंततात. म्हणजे शिस्त राखणारे जनुक त्यावर आहे. हा शोध सीअर्स यांच्या उण्या कुळांवाचून लागला नसता.

भारतात गव्हाच्या सुधारणेचा पाया पुसा येथे आल्बर्ट व गॅब्रिएल हॉवर्ड यांनी घातला. परंतु तांबेऱ्याच्या बाबतीत निर्णायक काम केंब्रिजहून पदवी घेऊन आलेल्या करमचंद मेहता यांनी आग्र्याच्या महाविद्यालयात बसून केले: मैदानातील उन्हाळ्यात तांबेरा मरतो आणि दरवर्षी डोंगरांवरून खाली येतो. महाबळेश्वरच्या गहू-तांबेरा केंद्राचे प्रयोजन याच विचारातून समजते. बेंजामिन पिअरी पाल यांचा केंब्रिजमधील विषय गव्हातील संकरज जोम हा होता, आणि त्यावरील निबंध एंगलडो यांच्यासह १९३४ मध्ये निघाला. पाल परतल्यावर त्यांनी हा विषय धरला नाही, तांबेऱ्याचा धरला. १९५४ मध्ये आलेला एन.पी. ८०९ तिन्ही तांबेऱ्यांना प्रतिकार करणारा होता. १९५८ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले आणि गव्हावरील डॉक्टरेटसाठी परदेशी जाण्याची गरज बरीचशी संपली. आमच्या मते आपल्या प्रबंधांची उणीव विषयांत वा बुद्धीत नसून बियाण्यात आहे. प्रबंध बांधून ग्रंथालयात जातो. तो ज्या कुळांवर लिहिला गेला त्यांचे बी पुढच्या रब्बीत कोणी पेरावयाचे, हे बहुधा ठरलेले नसते. साकामुरा यांनी जे केले त्याची कार्यपद्धती आपल्याकडे बसलेली नाही.

‘चायनीज स्प्रिंग’चे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. गव्हाचा जीनोम मक्याच्या सहा-सातपट मोठा, आणि तीन संच सारखे असल्यामुळे वाचावयास अवघड. गुणसूत्राची एकच भुजा असलेली सीअर्स-परंपरेतील कुळे हाताशी असल्याने एकेक भुजा यंत्राने वेगळी काढून वाचणे शक्य झाले. त्यावर आधारित पहिला आराखडा २०१४ मध्ये आला आणि संपूर्ण संदर्भवाचन २०१८ मध्ये. त्यात एक लाख सात हजारांहून अधिक जनुके नोंदली गेली. जगातील सर्व गहू-संशोधक आज ज्या वाणाशी आपले वाण ताडून पाहतात तो हा, शेतात कोणी न लावणारा.

खपलीकडेही शास्त्र पुन्हा वळले. काळ्या तांबेऱ्याचा ‘युजी-९९’ हा वंश १९९८ मध्ये युगांडात आढळला आणि जगातील बहुसंख्य वाण त्याला बळी पडू शकतात असे दिसून आले. त्याला रोखणाऱ्या थोड्या जनुकांत ‘एसआर-१३’ एक आहे; ते सिडनीच्या खॅपस्टाइनमध्ये ओळखले गेले होते, आणि खॅपस्टाइनमध्ये आले ते खपलीतून. त्याची रेणवीय ओळख २०१७ मध्ये पटली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने खपलीचाच ‘एम.ए.सी.एस. २९७१’ हा बुटका वाण काढला आहे. त्याचेही टरफल मळणीत सुटत नाही.